कपाटांची जागा आधी, कपाटांची मापे नंतर: पहिले घर बांधणाऱ्यांसाठी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. पहिलेच घर बांधायला घेतले आहे, नकाशा तयार आहे आणि पायाचे काम लवकरच सुरू होईल. कपाटांचे आणि ओट्याचे काय करायचे असे विचारले की वास्तुविशारद म्हणतात, ‘बांधकाम झाल्यावर पाहू’. सुतार म्हणतो, ‘मापे आत्ताच द्या, म्हणजे माल कापायला घेतो.’ यांपैकी कोणाचे ऐकावे, ओटा कोणत्या आकाराचा करावा आणि कपाटे भिंतीत बसवलेली असावीत की सुटी, हे तीन मुद्दे आपण मांडले आहेत.

दोघांचेही अर्धेच ऐकावे. कपाट कोणत्या भिंतीला येणार, किती खोल असणार आणि त्याचे पल्ले कुठे उघडणार, हे पहिली वीट लागण्यापूर्वी ठरलेच पाहिजे. कापणीची मापे मात्र गिलावा होऊन फरशी बसल्यानंतर, प्रत्यक्ष भिंतीला टेप लावूनच घेतली पाहिजेत. घरात राहायला गेल्यावर ज्या तक्रारी निघतात, त्यांतल्या बहुतेक हा क्रम उलटा झाल्यामुळे निघतात: जागा नंतर शोधली जाते, आणि मापे नकाशावरून आधीच देऊन टाकलेली असतात.

आज आपल्या हातात असलेले काम म्हणजे सामानाची मोजदाद. सध्याच्या घरात दांडीवर टांगलेले कपडे एकत्र सरकवून किती लांबी व्यापतात ते मोजावे. घड्यांचे थर किती आहेत, सर्वांत उंच भांडे कोणते, अंथरुणे, प्रवासाच्या बॅगा, शिडी आणि इस्त्रीचा टेबल कुठे ठेवता, हे लिहून काढावे. या यादीतून कपाटांची संख्या ठरते, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांची खोली ठरते. टांगलेल्या कपड्यांना आणि अंथरुणांना सुमारे ६०० मिलिमीटर लागतात, पादत्राणांना ३५० पुरतात, पुस्तकांना २५० ते ३०० पुरेसे असतात. सगळी कपाटे एकाच ६०० मिमीच्या मापाने केली, तर पुस्तकांमागे दुसरी रांग लागते आणि मागच्या रांगेतली वस्तू वर्षानुवर्षे हाताला येत नाही. घरात जागा कमी असली की लोक खोल कपाटे मागतात. माझे मत याच्या उलट आहे. लहान घरात उथळ कपाटे जास्त उपयोगी पडतात, कारण त्यांतील प्रत्येक वस्तू दिसते आणि चालायला जागा उरते.

यादी झाली की नकाशा १:५० या प्रमाणात मोठा छापून घ्यावा. या प्रमाणात एक मीटर म्हणजे कागदावर २० मिमी. पलंग, कपाट, टेबल, फ्रिज, धुलाई यंत्र यांचे त्याच प्रमाणात जाड कागदाचे तुकडे कापावेत आणि नकाशावर सरकवून पाहावेत. दारांचे आणि पल्ल्यांचे उघडण्याचे कंसही काढावेत. दोन कंस एकमेकांना छेदत असतील, तर ती दारे रोज एकमेकांवर आपटणार आहेत. संगणकावरचे रंगीत त्रिमितीय चित्र सुंदर दिसते, पण त्यात पलंग आणि कपाट यांच्यामध्ये माणूस उभा राहू शकतो का, हे चटकन लक्षात येत नाही. कागदाचे तुकडे ते लगेच दाखवतात.

एक झोपण्याची खोली घेऊन हे करून पाहू. समजा ती ३.० बाय ३.६ मीटरची आहे. कपाटाची खोली ६०० मिमी, पलंगाची लांबी २००० आणि उशाकडच्या फळीची जाडी १०० धरली, तर ३.६ मीटरच्या दिशेत कपाट आणि पलंग यांच्यामध्ये ९०० मिमी उरतात. गिलाव्यात त्यातले तीस-चाळीस जातात. तरीही पल्ला उघडून त्यासमोर उभे राहता येते, खालचा खण बाहेर ओढून त्यात वाकून पाहता येते. हीच बाजू ३.३ मीटरची असती, तर मध्ये जेमतेम ६०० मिमी राहिले असते. खण ४५० ते ५०० मिमी बाहेर येतो, म्हणजे उभे राहायला जागाच नाही. अशा वेळी सरकते पल्ले सुचवले जातात. त्यांनी पल्ला उघडण्याची जागा वाचते, हे खरे आहे. पण दोन रुळांमुळे कपाट ६५० ते ७०० मिमी खोल होते, एका वेळी अर्धेच कपाट उघडते आणि आतल्या खणाचा प्रश्न तसाच राहतो. त्यापेक्षा कपाट पलंगाच्या बाजूच्या भिंतीला घ्यावे. मग ३.० मीटरमधून ६०० चे कपाट आणि १५०० चा पलंग वजा जाता ९०० उरतात, ते सगळे कपाटाच्या बाजूला ठेवावे लागतात आणि पलंग दुसऱ्या बाजूने भिंतीला टेकतो. ते चालेल की नाही, हे घरातल्यांनी आजच ठरवावे.

याच खोलीच्या दाराकडे आता नीट पाहावे, कारण माझ्या मते संपूर्ण नकाशात सर्वांत कमी कष्टात सर्वांत जास्त फायदा देणारी जागा हीच आहे. बहुतेक नकाशांत दाराची चौकट कोपऱ्यापासून १०० ते १५० मिमीवर सुरू होते. त्यामुळे त्या कोपऱ्याला लागून असलेल्या लांब भिंतीवर ६०० मिमी खोल कपाट ठेवताच येत नाही, ते सरळ दाराच्या वाटेत येते, आणि एक चांगली अखंड भिंत वाया जाते. चौकट कोपऱ्यापासून ६५० ते ७०० मिमीवर घेतली, तर ती संपूर्ण भिंत कपाटासाठी मोकळी होते आणि दार उघडल्यावर त्याचा पल्ला कपाटाच्या बाजूच्या फळीशेजारी शांतपणे उभा राहतो. पल्ल्याला एक अडणी लावली की काम झाले. आज हा बदल म्हणजे पेन्सिलीची एक रेघ आहे. भिंत उभी राहिल्यावर तोच बदल म्हणजे लिंटेल, म्हणजे दारावरची आडवी तुळई, फोडणे, चौकट काढणे आणि स्विचबोर्ड हलवणे. खिडकीलाही हाच नियम लावावा: कपाट ज्या कोपऱ्यात संपणार आहे, तिथली खिडकी कोपऱ्यापासून निदान ६५० मिमी दूर असावी, नाहीतर कपाटाची कड खिडकीवर येते आणि पडदा सरकायलाही जागा राहत नाही.

भिंतीतल्या कोनाड्यात कपाट बसवायचे असेल, तर कोनाड्याचे माप कोणते धरले आहे ते स्पष्ट विचारावे. नकाशावरची मापे साधारणपणे विटेपासून विटेपर्यंत असतात. नकाशात ६०० मिमी खोल दाखवलेल्या कोनाड्याच्या मागच्या भिंतीला १५ मिमी गिलावा चढतो, ओल टाळण्यासाठी कपाटामागे १५ ते २० मिमी मोकळे ठेवायचे असतात आणि पुढच्या पल्ल्याची जाडीही १८ मिमी असते. म्हणजे कपाटाला आत साडेपाचशेच्या आसपासच उरतात आणि हँगरला अडकवलेल्या कोटाची बाही पल्ल्यात सापडते. कोनाडा विटेत ६५० चा ठेवायला सांगितला की हा त्रास राहत नाही. रुंदीतही दोन्ही बाजूंचा गिलावा आणि भिंतीचा तिरपेपणा धरून ५० मिमी जास्त ठेवावेत. खोलीत पुढे येणारे काँक्रीटचे खांब असतील, तर वास्तुविशारदांना आणि संरचना अभियंत्यांना एकत्र बसवून एकच प्रश्न विचारावा: खांबाची लांब बाजू भिंतीच्या दिशेत फिरवता येईल का? कधी ते शक्य असते, कधी नसते, आणि नसेल तर अभियंत्यांचा शब्द अंतिम मानावा. खांब पुढे येणारच असेल, तर दोन खांबांमधली जागा कपाटासाठी धरावी; तिथे तो अडथळा राहत नाही.

आता ओट्याचा आकार. इंग्रजी एल, यू, समांतर की सरळ, हा आवडीचा प्रश्न समजला जातो, पण उत्तर बहुतांशी खोलीची रुंदीच देते. ओटा ६०० मिमी खोल असतो आणि त्यासमोर एका माणसाला १००० ते १०५०, तर दोघांना एकमेकांमागून जाता येण्यासाठी १२०० मिमी मोकळे लागतात. खोली १.८ मीटर रुंद असेल, तर सरळ ओटा हाच प्रामाणिक पर्याय आहे. २.२ ते २.४ मीटर असेल, तर समांतर ओटे उत्तम काम देतात, कारण त्यांत कोपराच नसतो. यू आकाराला २.४ मीटरच्या आत जाऊ नये, आणि त्यात दोन कोपरे अडकतात हे लक्षात ठेवावे. प्रत्येक कोपऱ्यात ६०० बाय ६०० मिमीची जागा अशी असते की तिथपर्यंत हात नीट पोचत नाही. फिरत्या जाळ्या आणि बाहेर येणारे कप्पे बसवता येतात, पण त्यांतही काही जागा जातेच. ज्यांना खर्च आवरायचा आहे, त्यांनी तो कोपरा क्वचित लागणाऱ्या मोठ्या भांड्यांसाठी सोडावा आणि तो पैसा खणांवर घालावा.

स्वयंपाकघरातली पावले मोजण्याचा विचार जुना आहे. १९२६ मध्ये मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी फ्रँकफर्टच्या वसाहतींसाठी सुमारे १.९ बाय ३.४ मीटरचे स्वयंपाकघर आखले, ते काम करणाऱ्या व्यक्तीच्या हालचालींचा अभ्यास करूनच. पुढे १९४०च्या दशकात इलिनॉय विद्यापीठातील कामातून शेगडी, सिंक आणि फ्रिज यांच्या त्रिकोणाचा नियम रूढ झाला: प्रत्येक बाजू साधारण १.२ ते २.७ मीटर आणि तिन्हींची बेरीज ७.९ मीटरच्या आत. नियम उपयुक्त आहे, पण तो एकट्याने काम करणाऱ्या व्यक्तीला समोर ठेवून आखलेला आहे. मी त्यापेक्षा सिंक आणि शेगडी यांच्यामधल्या ओट्याकडे अधिक बारकाईने पाहतो, कारण धुणे, चिरणे आणि शिजवणे या तिन्हींच्या मधले काम तिथेच होते. ही जागा ९०० मिमी मिळाली तर उत्तम. ६०० च्या खाली तर येऊच देऊ नये. शेगडीच्या दुसऱ्या बाजूलाही गरम भांडे उतरवण्यासाठी निदान ३०० मिमी लागतात. फ्रिज थेट भिंतीच्या कोपऱ्यात ढकलू नये. त्याचे दार ९० अंशांपेक्षा जास्त उघडल्याशिवाय आतले खण बाहेर येत नाहीत, म्हणून बाजूला ५० ते १०० मिमीची पट्टी सोडावी.

एल किंवा यू आकाराच्या आतल्या कोपऱ्यात एक दोष हमखास राहतो. काटकोनात असलेले दोन खण एकमेकांना लागून बसवले, तर एकाची मूठ दुसऱ्याच्या वाटेत येते आणि खण अर्धा उघडून अडतो. कोपऱ्यात दोन्ही बाजूंना ५० ते ७५ मिमीच्या बंद पट्ट्या ठेवल्या की हे होत नाही. सुताराला ही पट्टी जागेची नासाडी वाटते आणि तो ती गाळू पाहतो, म्हणून ती रेखाटनात मापासह लिहून द्यावी. ओट्याखाली पल्ल्याआडच्या फळ्यांपेक्षा पूर्ण बाहेर येणारे खण घ्यावेत, असे मी ठामपणे सांगेन. फळीवरच्या मागच्या वस्तूसाठी गुडघ्यावर बसावे लागते, खणातली वस्तू वरून दिसते. ओट्याची उंची सरासरीवर सोडू नये. कोपर वाकवून जमिनीपासून त्याची उंची मोजावी आणि त्यातून १०० ते १५० मिमी वजा करावेत. बहुतेकांना ८५० ते ९०० मिमी येते. घरात एकाहून अधिक जण स्वयंपाक करत असतील, तर जी व्यक्ती जास्त वेळ उभी राहते तिचे माप धरावे.

हे माप तयार फरशीपासूनचे आहे, स्लॅबपासूनचे नाही, आणि इथे फार गोंधळ होतो. फरशी आणि तिच्याखालचा थर मिळून ५० ते ७५ मिमी सहज होतात. गवंड्याने स्लॅबपासून उंची धरली, तर ओटा तेवढाच बुटका होतो. यावर उपाय म्हणजे गिलाव्यापूर्वीच सर्व खोल्यांच्या भिंतींवर, तयार फरशीच्या बरोबर एक मीटर वर, पाणसळीने किंवा लेझरने एक अखंड रेघ आखून घेणे. खिडकीचा उंबरठा, ओटा, नळ, स्विचबोर्ड आणि चौकटी या सर्वांची उंची त्या एकाच रेघेपासून द्यावी. ओट्यामागची खिडकी १०५० ते ११०० मिमीवर सुरू व्हावी, आणि तिचा पल्ला आत उघडत असेल तर तो नळावर आपटणार नाही, हे आधीच पाहावे.

विजेचे आणि पाण्याचे बिंदू कपाटांच्या आराखड्यानंतर ठरतात, आधी नाही. फ्रिज, ओव्हन आणि भांडी धुण्याचे यंत्र यांची प्लगची जागा यंत्राच्या थेट मागे न घेता शेजारच्या कपाटात घ्यावी, म्हणजे यंत्र भिंतीला लागून बसते आणि प्लग काढायला ते ओढावे लागत नाही. पाणी बंद करण्याच्या चाव्या हात पोचेल अशा जागी हव्यात. त्या एखाद्या बंद फळीमागे गेल्या, तर गळती झाली त्या दिवशी कपाट फोडावे लागते. धुराड्याच्या नळीसाठी भिंतीत भोक कुठे पाडायचे, हे तुळई कुठे येते ते पाहून ठरवावे. आणखी एक गोष्ट जवळजवळ कोणीच सांगत नाही: एका भिंतीला ६०० मिमीचे कपाट आले की खोलीचा दिसणारा मध्य ३०० मिमीने सरकतो. छतातला पंख्याचा हूक मूळ खोलीच्या मध्यावर टाकला, तर पंखा एका बाजूला ओढल्यासारखा दिसतो आणि माळ्याचे पल्ले उघडताना पात्यांच्या जवळ येतात. म्हणून स्लॅब ओतण्यापूर्वी कपाट वजा करून उरलेल्या जागेचा मध्य काढावा. कपाटासमोरचा दिवा कपाट आणि उभी असलेली व्यक्ती यांच्यामध्ये यावा. तो पाठीमागे असेल, तर आपलीच सावली आत पडते.

दिवाणखान्याबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. तिथे बसवलेली कपाटे कमीत कमी ठेवावीत, जेवणाच्या टेबलाभोवती प्रत्येकासाठी ६०० मिमी रुंदी आणि खुर्ची मागे सरकवायला सुमारे ९०० मिमी धरावेत, एवढे पुरे.

बांधकाम उरकले की मापे घेण्याची वेळ येते, आणि इथे घाई करू नये. नव्या काँक्रीटमध्ये आणि गिलाव्यात भरपूर पाणी असते. ते पुरते उडून जाण्यापूर्वी भिंतीला चिकटवून कपाट बसवले, तर मागच्या फळीला बुरशी धरते आणि कपड्यांना कुबट वास येऊ लागतो. पावसाचा मारा बसणारी बाहेरची भिंत आणि न्हाणीघराला लागून असलेली भिंत, या दोन ठिकाणी शक्यतो कपाट टाळावे. ते शक्य नसेल, तर मागे मोकळी हवा ठेवावी आणि न्हाणीघराच्या पाणीबंद कामाची चाचणी झाल्यावरच कपाट बसवावे.

भिंत कधीही पूर्ण ओळंब्यात (सरळ उभी) आणि कोपरा कधीही पूर्ण गुण्यात (काटकोनात) नसतो. रुंदी आणि उंची प्रत्येकी तीन ठिकाणी मोजावी, कर्ण मोजावेत, आणि सर्वांत लहान माप धरून कपाटाचा सांगाडा करावा. उरलेली फट २५ ते ५० मिमीच्या पट्टीने, भिंतीच्या आकाराप्रमाणे रंधा मारून बुजवावी. कोपरा तपासायला एका भिंतीवर ९०० मिमी आणि दुसरीवर १२०० मिमीवर खूण करावी. दोन खुणांमधले अंतर १५०० आले, तर कोपरा गुण्यात आहे. सुताराने नकाशावरून आधीच माल कापला असेल, तर यातले काहीही करता येत नाही, म्हणून मी त्याच्या घाईला नकार द्यायला सांगतो.

सामग्रीबद्दल एकाच गोष्टीवर भर देतो, ती म्हणजे फळीची लांबी. सारख्या भरलेल्या फळीचा झोल तिच्या लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. ६०० मिमीची फळी ९०० केली, तर झोल दीडपट नव्हे, सुमारे पाचपट होतो. जाडी १८ वरून २५ मिमी केल्याने तो अडीचपटींहून थोडा जास्त कमी होतो, म्हणजे लांबीने बिघडवलेले जाडी पूर्णपणे भरून काढू शकत नाही. पुस्तकांच्या फळ्या ६०० ते ७५० मिमीवर तोडाव्यात आणि मध्ये उभी फळी द्यावी. सिंकखालचे कपाट पाण्यात टिकणाऱ्या प्लायवुडचेच असावे, आणि त्याच्या चारही कडा, विशेषतः दिसत नसलेली खालची कड, नीट बंद केलेल्या असाव्यात. पाणी नेहमी तिथूनच शिरते.

राहिला शेवटचा मुद्दा: बसवलेली की सुटी. ओटा आणि झोपण्याच्या खोल्यांतील कपड्यांची कपाटे बसवलेली करावीत, कारण तिथे जमीन ते छत जागा वापरता येते आणि गरजा फारशा बदलत नाहीत. मुलांची खोली, अभ्यासाची जागा आणि दिवाणखाना इथे सुटे फर्निचर घ्यावे. पाच वर्षांच्या मुलाला लागणारे कपाट पंधराव्या वर्षी निरुपयोगी ठरते, आणि भिंतीला ठोकलेले कपाट काढले की मागे रंग, गिलावा आणि फरशी यांची दुरुस्ती करावी लागते. म्हणूनच बसवलेल्या कपाटांखालीही फरशी पूर्ण भिंतीपर्यंत टाकून घ्यावी. सुट्या कपाटाची उंची दीड मीटरपेक्षा जास्त असेल आणि घरात लहान मूल असेल, तर ते भिंतीला पट्टीने बांधून ठेवावे. सगळी कपाटे एकाच वेळी करण्याचीही गरज नाही: ओटा आणि एक कपडेकपाट राहायला जाण्यापूर्वी पूर्ण करावे, बाकीच्यांची जागा आणि विजेचे बिंदू राखून ठेवावेत आणि काही महिने त्या घरात राहून झाल्यावर उरलेली मापे सुताराकडे द्यावीत.